पडवळाला पाणी सुटते, कंटोळी कडू होईल का, आणि अळूची खाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी जांभळी नाक्याच्या मंडईतून दर दोन दिवसांनी ताजी भाजी आणते. तरीही माझी पडवळाची भाजी पाणचट होते आणि तिला चव अशी येतच नाही. सासूबाई चुलीवर करीत तेव्हा हीच भाजी मोकळी आणि खमंग होत असे. श्रावणात कांदा-लसूण घालीत नाही, म्हणून चवीसाठी गरम मसाला वाढवून पाहिला, पण उपयोग झाला नाही. माझे कुठे चुकते? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातली मसाल्याची ओळ वाचून प्रथम तोच डबा बाजूला ठेवायला सांगावेसे वाटले. पडवळाचा वास मुळात सौम्य आणि किंचित गवतासारखा असतो, त्यामुळे त्यावर लवंग-दालचिनी पडली की भाजीला केवळ मसाल्याची चव येते आणि पडवळ कुठल्या कुठे हरवते. आता पाण्याविषयी. 100 ग्रॅम पडवळात 90 ग्रॅमहून अधिक पाणीच असते. मीठ लागताच हे पाणी बाहेर येऊ लागते. आपण बहुतेक जणी भाजी फोडणीत टाकल्याटाकल्या मीठ घालतो आणि वर झाकण ठेवतो. परिणामी सुटलेल्या पाण्याला वाफ होऊन जायला वाट उरत नाही, आणि भाजी परतली न जाता उकडली जाते. सासूबाईंच्या चुलीवरची कढई पसरट असणार, जाळ मोठा असणार आणि झाकणही जेमतेम बसत असणार. खमंगपणाचे बरेचसे श्रेय या तीन गोष्टींना जाते.

पडवळाला आधी मीठ लावून पिळून घेण्याची रीत काही घरांत आहे. मला ती पटत नाही. पाण्याबरोबर भाजीचा स्वादही मोरीत जातो आणि उरतो तो नुसता चोथा.

पडवळ निवडताना आधी त्याच्या अंगावर नख लावून पाहावे. नख सहज रुतले आणि ओलसर खूण उमटली तर ते कोवळे समजावे. सालीवर पांढुरकी लव-पूड असते, ती सुरीच्या पाठीने हलकेच खरवडून मग पडवळ धुवावे, कारण ती राहिली तर भाजीला किंचित रानवट वास येतो. उभे चिरून आतला गर आणि बिया काढाव्यात, मात्र कोवळ्या बिया फेकू नयेत. थोड्या तेलात तीळ आणि सुक्या मिरचीबरोबर कुरकुरीत परतून त्यांची चटणी करता येते आणि ती भाजीपेक्षा आधी संपते, असा माझ्या घरचा अनुभव आहे.

अर्धा किलो पडवळाला पाव वाटी चणाडाळ दोन तास भिजवून, चाळणीत पूर्ण निथळून घ्यावी. ही डाळ सुटलेले पाणी शोषून घेते, म्हणजे ती केवळ चवीची सोबतीण नसून भाजी मोकळी ठेवणारी मदतनीसही असते. पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल चांगले तापू द्यावे. मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो लगेच तडतडला तर बाकीची मोहरी घालावी आणि ती पूर्ण फुटेपर्यंत थांबावे, कारण अर्धवट फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. त्यानंतर जिरे, चिमूटभर हिंग, चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या, सात-आठ कढीपत्त्याची पाने आणि शेवटी हळद घालावी. हळदीनंतर क्षणाचाही वेळ न दवडता डाळ टाकावी, म्हणजे हळद करपत नाही. डाळ दोन मिनिटे परतल्यावर कढईवर ताट ठेवून त्यात पाणी ओतावे आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटे वाफ काढावी. ताटातल्या पाण्यामुळे ताट फार तापत नाही, आतली वाफ त्याला लागून थेंबांच्या रूपाने परत खाली पडते आणि डाळ करपत नाही. डाळ बोटांत चेपली गेली पण तिचे पीठ झाले नाही, म्हणजे पहिला टप्पा झाला.

आता पडवळाच्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या घालून आच मोठी करावी आणि ताट पुन्हा ठेवू नये. सात-आठ मिनिटे अधूनमधून उलथण्याने हलवत राहावे. चकत्यांच्या कडा पारदर्शक दिसू लागल्या आणि कढईतला ओला आवाज थांबून पुन्हा तेलाचा चरचर आवाज येऊ लागला, की मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालावा. हा आवाजातला बदल ओळखता आला तर घड्याळाकडे पाहावे लागत नाही. अखेरीस दोन मोठे चमचे ओला नारळ आणि कोथिंबीर घालून एक मिनिट परतावे व लगेच गॅस बंद करावा. नारळ आधीपासून घातला तर तो तेल सोडतो आणि भाजी जड होते.

हीच युक्ती शिराळ्याला आणि दुधीला लागू पडते. गवार आणि फरसबी यांना मात्र ती लावू नये, कारण त्यांच्या अंगात इतके पाणी नसते. त्या भाज्यांना सुरुवातीपासून ताटावर पाणी ठेवूनच शिजवावे आणि गरज पडलीच तर ताटातले तापलेले पाणी वापरावे. थंड पाणी ओतल्याने शिजण्याचा वेग एकदम मंदावतो.

प्रश्न : पावसाळ्यात नेरूळ स्थानकाबाहेर आदिवासी बायका कंटोळी विकायला बसतात. कारल्याच्या वंशातली म्हणून ती मीठ लावून पिळून घ्यावीत का? शिवाय कधी कधी बिया दाताखाली दगडासारख्या येतात, त्याला काय करावे? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : कंटोळी, ज्यांना काही जण करटोली म्हणतात, ती कारल्याची चुलत भावंडे खरीच, पण कडवटपणा त्यांच्यात नाममात्र असतो. त्यामुळे मीठ लावून पिळू नयेत. तसे करणे म्हणजे महागाची वस्तू घेऊन तिचा रस ओतून देणे होय. बियांविषयी तुम्ही लिहिले ते अगदी नेहमीचे आहे. एक कंटोळे मधोमध कापून पाहावे. बी पांढरी आणि मऊ असेल तर बियांसकट पातळ काप करावेत. गर पिवळसर-केशरी झाला असेल आणि बी टणक असेल तर तेवढ्याच बिया काढाव्यात, फळ टाकून देऊ नये. विकत घेताना हिरवीगार, काटे मऊ असलेली आणि हातात हलकी न वाटणारी निवडावीत. देठाशी पिवळी पडलेली घेऊ नयेत.

ही भाजी जूनच्या अखेरीपासून साधारण सप्टेंबरपर्यंत मिळते आणि मुरबाड, शहापूर, पनवेल या बाजूच्या रानांतून ती टोपल्यांमधून शहरात येते. कंटोळ्याच्या नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. बी पेरून वेल कोणती निघेल ते सांगता येत नाही, म्हणून लागवड कंदांवरून करावी लागते. वाट्यावर घासाघीस करताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

करण्याची पद्धत अगदी थोडक्यात : कांदा, ठेचलेला लसूण आणि मिरची तेलात परतून त्यावर काप टाकावेत, झाकण न ठेवता मध्यम आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परतावेत आणि मीठ शेवटी घालावे. श्रावण पाळणाऱ्यांनी कांदा-लसणाऐवजी जिरे आणि खोबरे घ्यावे. ती चव वेगळी आहे, कमी नाही.

प्रश्न : अळूच्या भाजीने घसा खाजला की घरातील मुले पुढचे सहा महिने ती ताटातच घेत नाहीत. वाशीच्या बाजारातून आलेले अळू ताजे असूनही असे का होते? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताजेपणाचा आणि खाजेचा संबंध नाही. अळूच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात. भाजी पुरेशी शिजवणे आणि तिच्यात चिंच किंवा आंबट चुका घालणे, हे दोन्ही उपाय एकत्र करावेत, कारण केवळ आंबटावर भिस्त ठेवली आणि पाने अर्धीकच्ची राहिली तर खाज राहतेच. भाजीसाठी फिकट हिरव्या देठाचे अळू घ्यावे. काळपट-जांभळ्या देठाचे वड्यांना ठेवावे. चिरताना हातांना तेल लावावे. देठ सोलून घालावेत, आणि पाने शिजून घोटली जाईपर्यंत चिंच घालू नये. चिंच आधी पडली तर भाजीतली चणाडाळ आणि शेंगदाणे शिजायला फार वेळ लागतो.

या खाजेची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. पहिल्या पावसात मिळणारी शेवळे ही अळूसारखीच खाजरी रानभाजी एकदा मोठ्या हौसेने आणली. विकणाऱ्या बाईंनी वाट्याबरोबर काकडाची आंबट फळे घ्या असे दोनदा बजावले होते, पण चार रुपये वाचवण्याच्या नादात मी ती घेतली नाहीत. जेवायला आलेले सर्व पाहुणे नंतर ताकाचे पेले रिकामे करत बसले. त्या दिवसापासून त्या बाई जे सांगतात ते मी मुकाट्याने पिशवीत भरते.

प्रश्न : सकाळी 6 वाजून 40 मिनिटांची लोकल असते. डब्यासाठी पडवळाची तयारी रात्री करून ठेवता येईल का? – एक वाचक, कळवा

उत्तर : येईल. चकत्या कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, मात्र त्यांना मीठ लावू नये. भिजलेली डाळ निथळून वेगळ्या डब्यात ठेवावी, तिला पाण्यातच रात्रभर सोडू नये, कारण ती सकाळी कढईत फुटते. नारळ आणि कोथिंबीर मात्र सकाळीच घालावी. भाजी पूर्ण निवल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये. वाफ आत कोंडली की तिचे पाणी होते आणि दुपारी डबा उघडताना तीच पाणचट भाजी पुन्हा समोर येते.