तीनशेच प्रती का, आणि ८५ युरो मोजावेत का

तुमचे प्रश्न तीन. बर्लिनच्या एका लहान लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची, टेक्नोची (यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत) बाराइंची रेकॉर्ड, मधल्या कोऱ्या पांढऱ्या कागदी लेबलवर हाताने मारलेला शिक्का, ३०० प्रती, डिजिटल नाहीच. पाऊण तासात संपली आणि चौथ्या दिवशी डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर ८५ युरोला दिसली. ही टंचाई मुद्दाम केलेली असते का? ८५ मोजावेत का? आणि मोजलेच तर ती पुण्यापर्यंत धड पोचेल का?

मुद्दाम करतात, असंच मलाही वाटायचं. नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत लाइपत्सिगला होतो तेव्हा एका लेबलवाल्या मित्राने शिक्के मारायला बोलावलं आणि तो समज तिथल्या स्वयंपाकघरात गेला. ३०० रेकॉर्ड म्हणजे ६०० बाजू. शाई लवकर वाळत नाही, त्यामुळे एक रेकॉर्ड दुसरीवर ठेवायची सोय नाही. टेबल, पलंग, इस्त्रीचा बोर्ड, खिडकीची कड, सगळीकडे तबकड्या, पापड वाळत घातल्यासारख्या. शिक्का मधल्या भोकावर पडला तर शाई आत उतरते आणि पलीकडच्या बाजूला डाग पडतो. रात्री दीडच्या सुमारास मी सात प्रतींवर दोन्ही बाजूंना ‘ए’चाच शिक्का मारला. मित्र म्हणाला, राहू दे, नवीन कुठून आणणार. पुढे त्या सातांपैकी एकीची डिस्कॉग्जवर ‘वेगळी आवृत्ती, दुर्मीळ’ अशी नोंद झाली आणि तिला इतर प्रतींपेक्षा जास्त भाव लागला. माझ्या झोपेचा भाव म्हणायचा तो.

शिक्का मारायचं कारणही ऐका. छापील लेबलला छपाईचा खर्च येतो. कारखान्यात ती लेबलं आधी भट्टीत सुकवावी लागतात, कारण कागदात ओल राहिली तर दाबताना फुगे येतात. कोरं लेबल घेतलं की निदान छपाईचे पैसे वाचतात. शिक्क्याची जी ऐट आज वाटते ती बरीचशी कंजुषीतून आली आहे.

आता हिशेब. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे. जर्मनीत दुकानात १४ युरोला मिळणाऱ्या रेकॉर्डमधून १९ टक्के कर वजा केला की पावणेबारा उरतात. दुकानदार ती साधारण आठला घेतो, वितरक लेबलला सहाच्या आसपास देतो. ३०० गुणिले सहा, अठराशे. कटिंग (गाणं चकतीवर कापणं), प्लेटिंग (त्यावरून धातूचा साचा काढणं), दाबणं, साधं पाकीट, वाहतूक यांत बाराशे ते पंधराशे जातात, मास्टरिंगचे, म्हणजे कापण्याआधी आवाज नीट बसवण्याचे, वेगळे. वीसेक प्रती डीजेंना आणि मित्रांना फुकट जातात. उरलेल्या दोन-अडीचशे युरोंत कलाकाराचा वाटाही आला. तुम्हाला दिसलेल्या ८५ पैकी लेबलकडे एक पैसाही जात नाही. ते पैसे सिनेमाच्या खिडकीबाहेर ‘दस का बीस’ करणाऱ्याच्याच जातीच्या माणसाकडे जातात.

मग हजार का नाही काढत? कटिंग-प्लेटिंगचा खर्च १०० प्रतींना तेवढाच आणि १००० प्रतींना तेवढाच, म्हणजे प्रती वाढवल्या की एकेक प्रत स्वस्त पडते, हे खरं. पण त्या खपायला हव्यात. एक तबकडी १४० ग्रॅमची धरली तर हजारांचं वजन पाकिटाशिवायच १४० किलो होतं, आणि न खपलेली सहाशे कुणाच्या तरी तळघरात ओल खात पडतात. अशी खोकी मी पाहिली आहेत. वितरक आधी विचारतो किती घेऊ, आणि नवख्या नावाला तो दोनशे-अडीचशेच्या पुढे सहसा जात नाही. ३०० हा आकडा बहुतेक वेळा एवढ्यावरच ठरतो.

दुसरी बाजू धातूची आहे, आणि ती फार कुणी सांगत नाही. गाणं आधी लॅकरवर कापतात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर. त्यावर चांदीचा पातळ मुलामा, मग निकेलचा जाड थर चढवतात आणि तो उचलून घेतात. ही उलटी प्रत, ‘फादर’. मोठं काम असेल तर फादरवरून ‘मदर’ काढतात आणि मदरवरून हवे तेवढे ‘स्टँपर’. छोट्या कामात मधली पायरी गाळतात आणि फादरलाच स्टँपर म्हणून यंत्रात लावतात. एक स्टँपर काही शे ते हजारभर प्रती देतो. तो झिजला किंवा चिरला आणि मदर नसेल तर पुन्हा लॅकर कापण्यापासून सुरुवात. म्हणजे ‘रीप्रेस नाही’, पुन्हा दाबणार नाही, या वाक्यात कधी कधी माज असतो, आणि कधी कधी फक्त एवढंच असतं की साचा उरलेला नाही आणि नव्यासाठी पैसे नाहीत. त्यात ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्सचा लॅकरचा कारखाना जळाला. जगाला लॅकर पुरवणारे मोठे कारखाने दोनच होते, उरला जपानचा एक. नंतरच्या एक-दोन वर्षांत कारखान्यांत सहा-सहा महिन्यांच्या रांगा लागल्या. मोठ्या कंपन्यांच्या रंगीत पुनर्मुद्रणांमागे ही तीनशेवाली मंडळी उभी होती.

मुद्दाम टंचाई करणारे नसतातच असं नाही. एकच अल्बम पाच रंगांत काढून प्रत्येक रंगावर ‘मर्यादित’ लिहायचं, हा प्रकार मला सरळ दुकानदारी वाटतो. पण तो या भूमिगत गल्लीत कमी आणि मोठ्या रस्त्यावर जास्त आढळतो. उलट उदाहरण बेसिक चॅनलचं घ्या. मार्क अर्नेस्टुस आणि मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं लेबल. अर्नेस्टुसने १९८९ मध्ये बर्लिनमध्ये हार्ड वॅक्स हे दुकान काढलं होतं. लेबलवरचं नाव धड वाचता येणार नाही इतकं गूढ, पण रेकॉर्ड मात्र वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाबल्या जातात आणि साध्या भावात मिळतात. ज्याला जमतं आणि ज्याचा माल खपत राहतो, तो सहसा पुन्हा काढतो.

दुर्मीळपणा दोन तऱ्हांचा असतो हेही लक्षात घ्या. एक, जे बाजारात आलंच नाही. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने कॉस्टिक विंडो या नावाने १९९४ मध्ये एक अल्बम केला. त्याच्या मोजक्या चाचणी प्रती दाबल्या गेल्या आणि तो रद्द झाला. २०१४ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्यातली एक प्रत विकत घेतली, वर्गणीदारांना डिजिटल प्रत वाटली आणि मग तबकडी लिलावात काढली. ती माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मार्कस पर्सनने ४६,३०० डॉलरला घेतली.

दुसरा प्रकार आपल्या घरचा. हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँड टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ध्वनिमुद्रित केलं. त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभी असलेली, अॅसिड हाउस या प्रकाराची सुरुवात मानली जाणारी शिकागोची ‘अॅसिड ट्रॅक्स’ आली १९८७ मध्ये. सिंगांच्या रेकॉर्डवर कुणी ‘मर्यादित आवृत्ती’ लिहिलं नव्हतं. एचएमव्हीने ती रीतसर काढली, ती खपली नाही, आणि म्हणून दुर्मीळ झाली. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ती पुन्हा काढली तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला. (गोव्याचं विचाराल तर तिथल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत तबकडीचं फार चाललंच नाही. ऊन, वाळू, दमट हवा. डीजे कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप, वापरायचे. गोवा ट्रान्सची बाराइंची रेकॉर्ड लंडनला निघायची आणि गाणी टेपवर गोव्यात वाजायची.)

आता ८५ युरो. माझं उत्तर: आत्ता नाही. विक्रीला आल्यावरचे पहिले दोन महिने भाव सर्वांत खोटा असतो. पाऊण तासात ज्यांना मिळाली नाही ते सगळे चिडलेले असतात आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. डिस्कॉग्जवर ‘सध्या मागितलेली किंमत’ बघू नका, विक्रीचा इतिहास उघडा आणि मधली किंमत बघा. रेकॉर्ड तिथल्या ‘वाँटलिस्ट’मध्ये, म्हणजे हव्या असलेल्यांच्या यादीत, टाका. सहा-आठ महिन्यांत एकतर लेबल दुसरी खेप काढतं, किंवा ज्याने नुसत्या हावेपोटी घेतली तो कंटाळून तीस-पस्तीसला सोडतो. बी बाजू ऐकली आहे ना पूर्ण? या असल्या रेकॉर्डमध्ये खरं काम बऱ्याचदा बी-२ ला, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात, असतं, आणि लोक ए-१ चा दीड मिनिटाचा तुकडा ऐकून बोली लावतात.

घेताना सीलबंदच्या मागे लागू नका. साध्या काळ्या पाकिटातल्या रेकॉर्डला सील नसतंच. ‘व्हीजी प्लस’ दर्जाची, म्हणजे वापरलेली पण चांगल्या स्थितीतली, विकणाऱ्याने स्वतः वाजवून पाहिलेली प्रत चालते. लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीचा, रनआउटचा, फोटो मागा. शिक्का कुणीही कोरून घेऊ शकतो, रनआउटमधली कोरीव अक्षरं मात्र कटिंग करणाऱ्याच्या हातची असतात. लंडनचा जॉर्ज पेकहॅम ‘अ पोर्की प्राइम कट’ असं कोरायचा. डेट्रॉइटच्या रॉन मर्फीने कापलेल्या टेक्नो रेकॉर्डवर ‘एनएससी’ (त्याची नॅशनल साउंड कॉर्पोरेशन) सापडतं. बॅटरी तिरकी धरली की अक्षरं उठून दिसतात.

टेक्नोला तबकडीच का, असा एक प्रश्न तुम्ही कंसात विचारला होता. मी एकच उदाहरण देतो. ३३⅓ वेगाने फिरणारी रेकॉर्ड एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण करते. त्या एका फेरीत चार ठोके बसवून खाच गोल बंद केली, तर सुई तिथेच फिरत राहते आणि मिनिटाला १३३.३३ ठोक्यांचा कधीच न संपणारा ताल मिळतो. डेट्रॉइटचा टेक्नो डीजे जेफ मिल्स याने १९९४ च्या ‘सायकल ३०’ मध्ये अशा बंद खाचा ठेवल्या आहेत. एकदा मी ती लावून चहा करायला गेलो आणि वीस मिनिटांनी आलो, तर शेजारच्या काकू दारात उभ्या. म्हणाल्या, “तुमचं मशीन अडकलंय का हो?” मी हो म्हणालो.

तर पार्सल. टपालात रेकॉर्डचं सर्वांत जास्त नुकसान वाटेत नाही, मुक्कामी होतं. एका एप्रिलमध्ये माझं पार्सल कुरिअरवाल्याने दुपारी बंद गाडीत ठेवलं आणि संध्याकाळी आणून दिलं. पाकीट एकदम शाबूत, आतली तबकडी मात्र मऊ होऊन परातीसारखी खोलगट झालेली. ए-१ ला सुई उडते, पण आतल्या बाजूचं ए-२ वाजतं, म्हणून फेकलेली नाही. त्यामुळे मार्च ते मे मागवू नका. विकणाऱ्याला सांगा की रेकॉर्ड पाकिटाबाहेर काढून, पाकिटाच्या मागे ठेवून पॅक कर, नाहीतर धक्क्याने पाकिटाची शिवण फाटते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा हवा. कस्टमची ड्यूटी लागेल हे धरूनच किंमत ठरवा, आणि ‘गिफ्ट’ असं खोटं लिहून घेऊ नका. अडकलं तर सोडवायला तुम्हालाच खेटे घालावे लागतात. मी तर आता मागवतच नाही. दिवाळीला कुणी जर्मनीहून येणार असेल तर त्याच्या हँडबॅगेत चार जागा राखून ठेवतो. बदल्यात चकली-शेव.

तुमच्याकडे त्या विक्रेत्याने पाठवलेला फोटो असेलच. रनआउटमध्ये काय कोरलंय तेवढं अक्षर न् अक्षर लिहून कळवा, शेवटी ‘आर’ किंवा ‘आरई’ असेल तर तेही. तसं असेल तर ती बहुधा नव्याने कापलेली, म्हणजे पहिल्या तीनशेतली नव्हेच, आणि मग ८५ मागणाऱ्याला काय लिहायचं ते मी सांगतो.