तारांची विचारपूस : माळ्यावरची बेस गिटार

मागील अंकात तंबोऱ्याच्या जवारीविषयी लिहिताना बेस गिटारीचा, म्हणजे खर्जाचे सूर देणाऱ्या जाड तारांच्या गिटारीचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सांगली, कराड आणि तासगाव येथून आलेली पत्रे सगळीच जुन्या किंवा वेगळ्या धाटणीच्या बेस गिटारींविषयी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रांचा केवळ आशय देत आहे.

प्रश्न : माझे वडील 1970 च्या दशकात सांगलीतील एका ऑर्केस्ट्रात वाजवत असत. त्यांच्या पश्चात माळ्यावर व्हायोलिनच्या आकाराची एक बेस गिटार सापडली. डोक्यावरचे नाव खरवडले गेले आहे. पेटीत गाण्यांच्या हस्तलिखित याद्या आहेत. एका गृहस्थांनी ती 15,000 रुपयांना मागितली आहे. ही बीटल्समधील पॉल मॅकार्टनी यांच्यासारखी हॉफनर आहे काय, आणि विकावी काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तूर्त होकार देऊ नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती गिटार चकचकीत करण्याच्या नादी लागू नये. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकावी, एवढेच.

व्हायोलिनच्या आकाराची विद्युत बेस प्रथम हॉफनरने काढली असा समज आहे, पण अमेरिकेतील गिब्सन कंपनीने तशी बेस 1953 मध्येच आणली होती. ती भरीव लाकडाची होती. जर्मनीतील हॉफनरची 500/1 या क्रमांकाची बेस 1956 सालची, आतून पोकळ आणि त्यामुळे वजनाने अगदी हलकी, साधारण सव्वादोन किलोंची. मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्ग येथे ती घेतली. ते डावखुरे असल्याने दोन्ही बाजूंनी सारखा आकार त्यांना सोयीचा वाटला. त्यांच्या हाती ती जगाने पाहिली आणि मग जपानमधील कारखान्यांनी तिच्या नकला मोठ्या संख्येने काढल्या. आपल्याकडील गिटार या दोहोंपैकी कोणती, हे ठरवण्यासाठी नावाची गरज नाही.

प्रथम गिटार उलटी करून नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, बॉडीला जिथे मिळतो ती जागा पाहावी. तिथे चार स्क्रूंची धातूची पट्टी असेल तर प्रश्न तिथेच मिटला, कारण 500/1 चा नेक सरसाने बसवलेला असतो, स्क्रूने नव्हे. पट्टी नसेल तर पुढील बाजूस नटला, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला, लागून एक जादा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी तार), म्हणजे शून्य क्रमांकाचा फ्रेट, आहे का ते पाहावे. हॉफनरवर तो असतो. त्यानंतर बटणांची आयताकृती पट्टी पाहावी : तिच्यावर आवाजाच्या दोन गोल खुंट्या आणि सरकणारे तीन स्विच असतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रात ही पट्टी दिसते आहे, पण चांगल्या नकलांवरही ती असे, म्हणून एवढ्यावरून मी निकाल देणार नाही. खरी खूण घोडीजवळ, म्हणजे बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात तिथे, आहे. हॉफनरची घोडी काळ्या लाकडाची आणि सुटी असते, व्हायोलिनच्या घोडीप्रमाणे केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी राहते, आणि तिच्या माथ्यावरील खाचांत फ्रेटच्याच तारेचे छोटे तुकडे बसवलेले असतात. हे तुकडे नखाने हलवून पाहता येतात.

घोडी सुटी असल्यामुळे एक सावधगिरी मात्र पाळावी. चारही तारा एकदम काढल्या तर घोडी घसरते, तिची मूळ जागा हरवते आणि वरच्या पट्टीत सूर जुळेनासे होतात. बॉडीवर घोडीच्या पायांचे फिकट ठसे असतात, त्यांचे आधी छायाचित्र काढावे आणि तार एकेक करूनच बदलावी. तारा घेताना 30 इंच लांबीच्या गिटारीसाठी असलेल्या, म्हणजे शॉर्ट स्केलच्याच घ्याव्यात. दुकानात सहज मिळणाऱ्या तारा अमेरिकेतील फेंडर कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन बेससाठी रूढ केलेल्या 34 इंची मापाच्या असतात. त्या येथे बसवल्या तर जाड वेटोळ्यांचा भाग खुंटीवर येतो, तो नीट गुंडाळला जात नाही आणि तारही लवकर जाते.

राहिला प्रश्न विकण्याचा. नेक सरसाचा, घोडी सुटी आणि फ्रेट शून्याचा निघाला, तर 15,000 ही किंमत हास्यास्पद ठरेल. जपानी नक्कल निघाली तर मागणी फारशी गैर नाही, पण अशा गिटारींचेही आता गिऱ्हाईक आहे आणि ते दरवर्षी थोडे वाढतेच आहे. कोणत्याही परिस्थितीत पेटी, पट्टा आणि विशेषतः त्या गाण्यांच्या याद्या गिटारीपासून वेगळ्या करू नयेत. मॅकार्टनी यांची 1961 ची हॉफनर 1972 मध्ये लंडनमध्ये चोरीस गेली आणि 2024 मध्ये ती परत मिळाल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात ती कुणाच्या तरी पोटमाळ्यावर पडून होती आणि तिची ओळख पटली ती बारीकसारीक खुणांवरूनच. आपल्या वडिलांच्या अक्षरातील यादी ही तशीच खूण आहे.

प्रश्न : 2019 च्या महापुरात गावभागातील आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा माझी 1980 च्या दशकातील जपानी बनावटीची फेंडर प्रिसिजन बेस दोन दिवस पाण्यात होती. त्यानंतर ती पोत्यात बांधून ठेवली. आता आवाज येत नाही आणि रंगाला कडेने पोपडे आले आहेत. सर्व सुटे भाग नवे घालून, रंगवून घ्यावी काय?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : रंगवू नये. हे मी ठणकावून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. वीस-बावीस वर्षांचा असताना अशाच एका जपानी बेसचा रंग उडाला म्हणून मी ती मोटारसायकली रंगवणाऱ्या एका कारागिराकडे दिली. त्याने काम मनापासून केले, चार थर चढवले, पेट्रोलच्या टाकीसारखी झळाळी आणली आणि नेक बसतो त्या खाचेतही रंग भरला. नेक पुन्हा पूर्वीच्या कोनात कधी बसला नाही. ती बेस पुढे निम्म्याहून कमी किमतीला गेली, आणि जुन्या गिटारींच्या बाजारात फेररंगाई झालेल्या वाद्याला साधारण निम्मीच किंमत येते हे मला नंतर कळले.

फेंडरने जपानमध्ये उत्पादन 1982 मध्ये सुरू केले आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतील, जेव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या गिटारींना आज संग्राहक शोधत असतात. म्हणून आधी क्रमांक पाहावा. नेक चार स्क्रूंनी बसवलेला असल्याने तो वेगळा करता येतो, हे आपले नशीब. स्क्रू गंजले असतील तर जोर लावू नये. स्क्रूच्या डोक्यावर तापलेला सोल्डरिंग गन थोडा वेळ टेकवला की गंजाची पकड सैल होते. सुट्या केलेल्या नेकमधील ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली सळई, फिरत नसेल तर तो तसाच सोडावा, कारण सळई तुटली तर दुरुस्तीचा खर्च गिटारीच्या किमतीपर्यंत जातो.

आवाज का येत नाही, याचे उत्तर बहुधा पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, आहे. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो आणि ते दोन्ही एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे एका तुकड्यातील तार तुटली तरी दोन्ही गप्प बसतात. मल्टिमीटर घेऊन प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजावा. साधारण पाच किलोओहमच्या आसपास आकडा आला तर तो तुकडा जिवंत आहे. काटा हललाच नाही तर तार कुजून तुटली असे समजावे. नवा पिकअप घेण्याची घाई करू नये, कारण जुनी चुंबके आणि चौकट शाबूत ठेवून तार पुन्हा गुंडाळता येते. ही तार 42 गेजची, म्हणजे एक दशांश मिलिमीटरहूनही बारीक, माणसाच्या केसाएवढी असते आणि तिचे हजारो वेढे घ्यावे लागतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हे काम आपुलकीने स्वीकारतील, पण बोअरच्या मोटारीच्या तारेला सवकलेला हात या तारेला चालत नाही, ती क्षणात तुटते. घड्याळ दुरुस्त करणारा किंवा श्रवणयंत्रे उघडणारा हात शोधावा.

पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागचा भाग) आणि जॅक (वायर जोडण्याचे भोक) नवे घालण्यास हरकत नाही, ते स्वस्त आहेत. काढलेले जुने भाग मात्र, गंजलेले असले तरी, पाकिटात घालून गिटारीच्या पेटीत ठेवावेत. रंगाच्या पोपड्यांच्या कडा पातळ सुपरग्लूचा एकेक थेंब सोडून बसवाव्यात आणि पुराची ती रेघ राहू द्यावी. सांगलीत ज्या घरांच्या भिंतींवर पाण्याची पातळी खुणेने लिहून ठेवली आहे, तिथे गिटारीवर ती असण्यात गैर काही नाही.

प्रश्न : अमेरिकेतील माझ्या भाच्याने तेथील एका दुकानात 1966 ची म्हणून सांगितली जाणारी फेंडर जॅझ बेस पाहिली आहे. येताना तो ती आणू शकतो. पॉटवर 1376633 असा आकडा आहे. हा पुरावा पुरेसा आहे काय, आणि आणताना अडचण येईल काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : आकडा खरा असला तरी पुरावा पुरेसा नाही. 137 हा पॉट बनवणाऱ्या कारखान्याचा क्रमांक, 66 हे वर्ष आणि 33 हा त्या वर्षातील आठवडा. म्हणजे पॉट 1966 च्या ऑगस्टमधील आहे आणि गिटार त्याआधीची असणे शक्य नाही, एवढेच सिद्ध होते. नंतरची असणे मात्र सहज शक्य आहे, कारण 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतर 1966 च्या पॉटचा प्रचंड साठा घेऊन ठेवला गेला आणि तो पुढे काही वर्षे वापरात राहिला. भाच्याला सांगावे की दुकानदाराकडून नेक उतरवून त्याच्या टाचेवरचा शिक्का पाहावा. तिथे शाईने महिना आणि वर्ष असते, आणि शेवटचे अक्षर नेकच्या रुंदीचे असते. दुकानदार नेक उतरवायला तयार नसेल तर तिथून काढता पाय घ्यावा. मागच्या पट्टीवरच्या क्रमांकावर विसंबू नये, चार स्क्रू काढले की ती पट्टी कोणत्याही गिटारीवर बसते.

आणण्याचा प्रश्न लाकडाचा आहे. फिंगरबोर्डला, म्हणजे नेकवरच्या फ्रेट बसवलेल्या पट्टीला, वापरले जाणारे ब्राझीलचे रोझवुड 1992 पासून सायटिस या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे, आणि त्याला वाद्याच्या रूपातही सरसकट सूट नाही. 2017 मध्ये त्या कुळातील इतर सर्व लाकडांवरही बंधन आले होते, पण 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून वगळण्यात आले. फेंडरने ब्राझीलचे लाकूड सोडून भारतीय रोझवुड धरले ते 1960 च्या दशकाच्या मध्यात, त्यामुळे 1966 ची गिटार नेमकी सीमेवर येते. दुकानदाराकडून लाकडाविषयी लेखी घ्यावे. ते ब्राझीलचे असेल तर तेथील सरकारी परवानगी हाती आल्याशिवाय गिटार विमानात चढवू नये. भारतीय असेल तर तो आपल्याच सह्याद्रीत वाढणारा शिसव. कोयनेच्या खोऱ्यात दिसणाऱ्या झाडाचा भाईबंद कॅलिफोर्नियाची वारी करून कराडला परततो आहे असे समजावे, आणि विमानतळावर पावती दाखवून रीतसर शुल्क भरावे.

प्रश्न : मी बँजो पार्टीत बेस वाजवतो. इतरांकडे नसतील अशा दोन-तीन बेस गिटारी जमवाव्यात अशी इच्छा आहे, पण खिसा लहान आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : जी कुणाकडे नाही ती मौल्यवान, हे समीकरण मनातून काढावे. बऱ्याच बेस गिटारी दुर्मीळ आहेत त्या केवळ त्या काळी कुणी घेतल्या नाहीत म्हणून. फेंडरची 1965 ची पाच तारांची बेस फाइव्ह घ्या : तिला फ्रेट अवघे 15, पाचवी तार खर्जाची नसून वरच्या सुराची, आणि वाजवणाऱ्यांना नेमका खर्ज हवा होता. ती काही वर्षांतच बंद पडली. आज ती महाग आहे, पण मिरवणुकीत आपल्याला तिचा उपयोग शून्य.

अमेरिकेतील ॲम्पेग कंपनीची 1966 ची, व्हायोलिनसारखे वळलेले डोके असलेली आणि बॉडीत आरपार छिद्रे असलेली बेस मला स्वतःला फार आवडते. 1969 ते 1971 या काळातील पारदर्शक प्लास्टिकची डॅन आर्मस्ट्राँग दिव्यांच्या झोतात अप्रतिम दिसते, पण ती इतकी जड की तीन तासांच्या मिरवणुकीनंतर खांदा बोलू लागतो. या दोन्ही आपल्या खिशाबाहेरच्या आहेत.

आपल्या आवाक्यात येईल अशी एक म्हणजे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातील, ॲल्युमिनियमच्या नेकची क्रेमर. तिचे डोके चिमट्यासारखे दुभंगलेले असते, ट्रस रॉड नसतो आणि पावसाळ्यात नेक वाकत नाही, हा आपल्या भागात मोठाच गुण. दोष एवढाच की धातू हवेप्रमाणे तापतो आणि गार पडतो. माझ्याकडे एक आहे. डिसेंबरच्या पहाटेच्या कार्यक्रमाला मी ती पाव तास आधी हातात धरून बसतो आणि मगच सूर लावतो, नाहीतर दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळी गिटार बेसूर झालेली असते.

दुसरी म्हणजे डोके नसलेली, स्टाइनबर्गरच्या धर्तीवरची कोणतीही साधी बेस. नेड स्टाइनबर्गर यांची मूळ कार्बन फायबरची बेस फार महाग आहे, पण त्याच रचनेच्या लाकडी बेस पुष्कळ निघाल्या आणि गर्दीत, टेम्पोवर त्या सोयीच्या पडतात. तिच्या तारांना दोन्ही टोकांना गोळी लागते. अशी तार तासगावात मिळणार नाही, सांगलीतही मागवावी लागेल, आणि मिरवणुकीच्या रात्री तुटली तर साधी तार तिथे बसत नाही. म्हणून गिटारीचा सौदा करतानाच तारांचे तीन संच त्याच बिलात घालून घ्यावेत.