नागपूरच्या गच्चीवर उन्हाळी भाजी: जाळी नंतर, आधी कुंडी झाका

ताई, तुम्ही पुण्याहून बदलीवर आलात, त्रिमूर्तीनगरात वरचा मजला आणि मोकळी गच्ची मिळाली. होळी झाल्या झाल्या टोमॅटोची फुलं गळायला लागली, कोथिंबीर वीतभर होऊन फुलावर आली, आणि दोन वेळा पाणी घालूनही दुपारी सगळी झाडं माना टाकतात. हिरवी जाळी किती टक्क्यांची, म्हणजे किती टक्के ऊन अडवणारी आणू, असं विचारलंय. जाळीचं सांगतोच, पण पहिला खर्च तिच्यावर करू नका.

आधी कुंड्यांची पश्चिमेची बाजू झाका. जमिनीत वीतभर खाली माती बरीच गार असते. गच्चीवरच्या कुंडीला तशी सोय नाही. तीन ते पाचचं तिरपं ऊन थेट कुंडीच्या भिंतीवर येतं, प्लास्टिक तापतं, आणि मुळांचं जाळं नेमकं त्याच भिंतीला चिकटलेलं असतं. तापलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग माती ओली असतानाही झाड माना टाकतं, आपण घाबरून आणखी पाणी ओततो आणि शेवटी मुळं कुजतात. डोक्यावर जाळी बांधून हे थांबत नाही, कारण चारनंतरचं ऊन जाळीच्या खालून शिरतं.

उपाय फुकटातले आहेत. कुंड्या सुट्या मांडू नका, एकमेकींना खेटून ठेवा. पश्चिमेच्या रांगेपुढे विटांचा थर रचा किंवा जुनी पोती टांगा. पत्र्याचे डबे आणि काळे ड्रम असतील तर बाहेरून चुना मारा. खाली दोन-दोन विटा देऊन कुंड्या स्लॅबपासून उचला. मातीवर तीन-चार बोटं जाड आच्छादन हवंच. सध्या गहू निघतोय, ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतंभर कुटार, म्हणजे गव्हाचा भुसा, मागून आणा. नाहीतर कडुलिंबाचा पाला खाली पडतोच आहे, तोही चालतो.

मातीचीही एक गोष्ट आहे. इथल्या नर्सरीत बहुतेक काळी माती भरून देतात. ती सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं. मधला गोळा मात्र कोरडाच! तुमच्या दोन वेळच्या पाण्याचं बहुधा हेच होत असावं. काडीने कडेची माती आत दाबून फट बुजवा. पाणी हळू घाला, दहा मिनिटं थांबून परत थोडं घाला. पुढच्या वेळी कुंडी भरताना काळी माती, कुजलेलं शेणखत आणि जाड रेती किंवा कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या.

आता पेरायचं काय? पुण्याचं वेळापत्रक विसरा. इथं एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झालेलं हे गाव आहे. त्यामुळे जे पेरायचं ते गुढीपाडव्याच्या आगेमागे पेरून मोकळं व्हा, म्हणजे खरा ताव येईपर्यंत मुळं खोल गेलेली असतात. मे महिन्यात नवीन रोपं लावण्याच्या फंदात पडू नका.

भेंडी आणि गवार ही इथली खात्रीची पिकं. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, बारा इंची कुंडीत एकच झाड ठेवा. दीड महिन्यात तोडणी सुरू होते, आणि मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाहीतर भेंडी जून होते आणि झाड नवीन फुलं धरत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो. ते झाड औषधाने बरं होत नाही, उपटून टाका. कृषी केंद्रात 'परभणी क्रांती' या वाणाचं बी मिळालं तर तेच घ्या, या रोगाला बऱ्यापैकी टिकतं. गवारीत 'पुसा नवबहार' कुंडीला सोयीचं, कारण त्याला फांद्या फुटत नाहीत, झाड सरळ वाढतं. गवारीला खताचे लाड नकोत, पाणीही बेताचं. फार केलंत तर पानंच पानं येतील.

चवळाई आणि अंबाडीचं बी पसरट टबमध्ये फेका. चवळाई महिन्याच्या आत ताटात येते, आणि मुळासकट न उपटता वरून खुडली तर परत फुटते. ढेमसं लावून पाहा. नागपुरात राहायचं तर ढेमशाची भाजी खावीच लागेल, मग घरचं कोवळं का नको? वेल फार लांब पळत नाही, पंधरा इंची कुंडीत भागतं.

काकडी, दोडका, दुधी लावणार असाल तर कडक उन्हात वेलींवर नर फुलंच जास्त येतात, हे आधीच सांगून ठेवतो. फळ धरत नाही म्हणून लगेच वेल उपटू नका. मादी फुलामागे बारकं फळ दिसतं, त्यावर नर फुलाचा पराग स्वतः लावा. काकडीचं हे काम सकाळी करायचं, दोडका आणि दुधीचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं दिवस कलल्यावर उमलतात. काकडीचं पाणी एक दिवसही चुकलं तर ती कडू होऊ शकते.

टोमॅटोबद्दल स्पष्ट सांगतो, त्यांचा हंगाम संपला. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की फुलात फळ धरत नाही. खताचा किंवा तुमच्या हाताचा दोष नाही. लागलेली फळं सावलीत पिकवून घ्या आणि कुंडी रिकामी करा. ऑगस्टमध्ये बी टाका, थंडीभर टोमॅटो खाल.

कोथिंबीर उन्हाळ्यातही होते, पण गच्चीवर नाही. पूर्वेच्या बाल्कनीत, सकाळचं दोन-तीन तास ऊन येईल अशी जागा बघा. धने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, उथळ ट्रेमध्ये दाट पेरा आणि कोवळीच कापा. दर पंधरवड्याला नवा ट्रे. सांबारवडीपुरती (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) जुडी निघणार नाही, वरणावर पेरण्याइतकी नक्की निघेल. मेथीही तशीच, बोटभर उंचीची कापायची. पुदिन्याच्या बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. त्या पसरट भांड्यात, मोठ्या झाडाच्या सावलीत लावा. गवती चहा पश्चिमेच्या रांगेत पहारेकरी म्हणून उभा करा, त्याला ऊन सोसतं. ओव्याच्या पानाला पाणी कमी. गोडलिंबाला, म्हणजे कढीपत्त्याला, आता नवी पालवी येते, तिचे शेंडे खुडत राहा.

पाणी सकाळी सातच्या आत घाला. मे महिन्यात सूर्य बुडाल्यावर आणखी थोडं. दुपारी तीनला वेलींची पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर काळजी करू नका. सकाळीही लोंबलेली दिसली तर बोट खुपसून माती बघा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि दर आठवड्याला वाढत जातात. मातीवर पांढरी पापडी दिसली तर हेच कारण. ते पाणी अंगणात शिंपडा.

आता जाळी. पन्नास टक्क्यांची घ्या. पंचाहत्तरची लावली तर भेंडी नुसती उंच होते, फुलत नाही. सहा-सात फुटांवर बांधा आणि पश्चिमेला पडद्यासारखी खाली सोडा. गाठी पक्क्या मारा. मार्च-एप्रिलमध्ये इथं वादळ आणि गारपीट होते, तेव्हा ही जाळीच पानं वाचवते.

पानांखाली बारीक जाळं आणि ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. कोरड्या हवेत तो माजतो. पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. निंबोळी तेल द्यायचं तर लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, आणि फक्त संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

मे महिन्यात आठवडाभर पुण्याला जायचंय, असंही लिहिलंत. निघण्याआधी सगळ्या कुंड्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला लावा, भेंडीची तयार शेंग एकही ठेवू नका, आणि शेजाऱ्यांना किल्ली देताना पाण्याची वेळ कागदावर लिहून द्या. गच्चीवर पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी भाजून काढण्याइतकं तापलेलं असतं, ते आधी बाजूला सोडायचं, हेही त्याच कागदावर लिहा. नाहीतर ते बिचारे जेवण आटोपून दुपारी एक वाजता मनापासून पाणी घालतील.