गोजी बेरी डोळ्यांसाठी खरोखर उपयुक्त आहे का, आणि ती कशी खावी?

होय, उपयुक्त आहे, परंतु औषध म्हणून नव्हे, तर आहाराचा भाग म्हणून. ‘सुपरफूड’ हे बिरुद विक्रेत्यांनी दिलेले आहे. तिच्यात भरपूर असलेले झियाझँथिन हे रंगद्रव्य दृष्टिपटलाच्या मध्यभागी साठते आणि निळा प्रकाश शोषून घेते. ते स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे, फळे भिजवून नुसते पाणी पिण्यापेक्षा ती बदाम किंवा दुधासोबत चावून खाल्लेली बरी. चीनच्या निंग्शिया प्रदेशात, जिथे हिची मोठी लागवड होते, वाळलेली फळे चहात, सूपमध्ये किंवा तांदळाच्या पेजेत घालतात आणि ती मनुकांसारखी टम्म फुगतात. मात्र रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी ती टाळावी, कारण त्यामुळे रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.