‘थांब’ शिकवण्याआधी सोडायचा शब्द ठरवा

कुत्र्याच्या पिल्लाला ‘थांब’ शिकवायचं म्हणताय, तर आधी सोडायचा शब्द, म्हणजे ‘आता उठलास तरी चालेल’ हे सांगणारा शब्द, पक्का करा. ‘चल’ नको, तो आपण दिवसभर कुणाला ना कुणाला म्हणत असतो. ‘फ्री’ चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

सुरुवात जेवणाच्या भांड्यापासून करा. त्याला बसवा आणि भांडं हळूहळू खाली आणा. बूड उचललं की काही न बोलता भांडं वर. ओरडायची गरज नाही, भांडं लांब गेलं एवढं त्याला पुरतं. बसला की पुन्हा खाली. भांडं टेकल्यावर एक-दोन सेकंद थांबला की लगेच ‘फ्री’ म्हणून सोडा. तो आपणहून उठायच्या आत तुमचा शब्द यायला हवा, सगळी मेख इथेच आहे.

मग वेळ वाढवा, नंतर अंतर, मग आजूबाजूची गडबड. तिन्ही एकदम नको. लागोपाठ दोनदा चुकला तर एक पायरी मागे या.

आणि हो, थरथरत, कुंईकुंई करत बसणं म्हणजे शांत थांबणं नव्हे. अंग सैल पडलं, भांड्यावरची नजर तुमच्याकडे वळली, की सोडा. दारापाशी आणि गाडीतून उतरतानाही हेच, फक्त तिथे पट्टा लावूनच.