पॅसिफिक बेटांवरच्या पारंपरिक आहारात एवढा नारळ, मग तो आरोग्याला चांगला कसा?

नुसत्या नारळाकडे बघू नका, सोबत काय खाल्लं जायचं ते बघा. पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावर १९९० च्या सुमारास पाहणी झाली. तिथले लोक कोनफळासारखे कंद, रताळी, अळकुड्या, फळं, मासे आणि नारळ खात. तेल, साखर, मैदा जवळजवळ नाहीच. हृदयविकार, पक्षाघात फारच दुर्मीळ. (आणि बहुतेक जण धूम्रपान करायचे!)

मला मात्र मायक्रोनेशियातल्या पोनपे बेटाचं 'कारात' केळं जास्त बोलकं वाटतं. गर नारिंगी, बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) भरपूर. आयात तांदूळ-मैद्यापुढे असे स्थानिक पदार्थ मागे पडले आणि मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता दिसू लागली.

अळकुड्या नीट शिजवूनच खा, नाहीतर घसा खवखवतो.