‘पार्टी कधी?’ आणि अजून न आलेली फेलोशिप

मॅडम, मी पुण्यात समाजशास्त्रात पीएच.डी. करतोय, पहिलं वर्ष. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली आहे, पण कागदपत्रांत पाच महिने गेले, खात्यात अजून काही नाही. परभणीहून वडील महिन्याला १२,००० पाठवतात. खोलीचा वाटा ४,५००, मेस ३,५००, प्रवास-झेरॉक्स-मोबाइल १,५००. तरी पाच महिन्यांत मित्रांकडून १८,००० उसने झाले. व्यसन नाही, कपड्यांचा शौक नाही. पैसे खाण्यातच जातात. मागच्या महिन्याच्या यूपीआय नोंदी लिहून पाठवल्या आहेत. आता कुणात मिसळायचंच नाही, खोली ते लायब्ररी एवढंच ठेवायचं, असं ठरवतोय. बरोबर आहे ना? आणि मित्रांना नाही कसं म्हणायचं?
– एक संशोधक विद्यार्थी, पुणे

प्रिय मित्रा,

नोंदी पाठवल्यास हे फार बरं केलंस. ‘पैसे कुठे जातात कळत नाही’ एवढंच लिहून थांबणारी पत्रं मला आठवड्याला चार येतात. तू निदान कुठे जातात ते लिहिलंस. तुझी यादी मी वहीत उतरवून घेतली. रविवारची चार जेवणं १,०००. अ‍ॅपवरून रात्री मागवलेलं नऊ वेळा, १,८९०. टपरीवर रोजचे ४०, सव्वीस दिवसांचे १,०४०. तीन वाढदिवस ९००. आणि एक पार्टी १,२७०. एकूण ६,१००. भाडं, मेस आणि बाकीचं भागवून तुझ्या हातात उरतात २,५००. महिन्याला ३,६०० ची तूट, पाच महिन्यांचे १८,०००. हिशोब पैशापर्यंत जुळतो. तेव्हा ‘कळत नाही’ हा प्रश्न इथेच मिटला.

आता ती पार्टी. तुझा निबंध एका चर्चासत्रासाठी स्वीकारला गेला म्हणून पाच जणांना फर्ग्युसन रस्त्यावर नेलंस. त्याच चर्चासत्राची नोंदणी फी अजून भरायची आहे, असंही तूच खाली लिहितोस. मी हसले, रागावू नकोस. आपल्याकडे कुणाचं काही चांगलं झालं की पहिला शब्द अभिनंदन नसतो, ‘पार्टी कधी?’ असा असतो. नेट परीक्षा निघाली, पार्टी. गाइड मिळाले, पार्टी. आणि जेआरएफवाला म्हणजे तर गावातला सावकारच. लोकांच्या मनात तुझ्या नावापुढे ३७,००० लिहिलेले आहेत. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची महिन्याची रक्कम ३१,००० वरून तेवढी झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. ती तुझ्या खात्यात नाही, हे फक्त तुला आणि बँकेला माहीत. तू ३७,००० वाल्याचं यजमानपद १२,००० त निभावतोयस. तुझा खरा खर्च हा आहे, जेवण नव्हे.

म्हणून माणसं तोडायचा तुझा बेत मला अजिबात पटलेला नाही. यजमानपद तेवढं सोड.

टपरीचंच घे. यादी बघून तू आधी तोच चहा बंद करशील याची मला खात्री आहे, आणि तीच चूक होईल. पीएच.डी.तली अर्धी माहिती टपरीवर मिळते. सहामाही प्रगती अहवाल कसा लिहायचा, फेलोशिपचा कुठला फॉर्म कुठल्या टेबलावर अडतो, कुठल्या गाइडना प्रकरण कागदावर द्यावं लागतं आणि कुठल्यांना ईमेलवर चालतं, हे कुठल्या नियमावलीत नसतं. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सीनियर्सकडे असतं, आणि सीनियर्स चार वाजता चहाला असतात. शिवाय ही माणसं पुढची वीस वर्षं तुला भेटणार आहेत. चर्चासत्रांत, संपादक म्हणून, एखाद्या दिवशी मुलाखतीच्या टेबलापलीकडेसुद्धा. तेव्हा चहा ठेव, क्रीमरोल सोड. दिवसातून एकदाच जा आणि स्वतःच्या कपाचे पैसे स्वतः दे. ४० चे १५ होतील.

अ‍ॅपच्या नऊ ऑर्डरी बघून मला आधी वाटलं, हा चवीचा मामला आहे. मग वेळा बघितल्या. सगळ्या रात्री साडेनऊ ते साडेदहाच्या. तुझी मेस नऊला बंद होते आणि तू लायब्ररीतून त्यानंतर निघतोस, म्हणजे त्या दिवशी मेसचे पैसे भरलेले असतात आणि जेवण दुसरीकडून येतं. एकाच जेवणाचे दोनदा पैसे! मेसच्या काकूंना सांग, ‘सोमवार ते गुरुवार माझा डबा भरून ठेवा, मित्र घेऊन येईल.’ पुण्यातल्या बहुतेक मेसवाल्यांना यात नवं काही नाही. पोळ्या गार होतील, चालायचंच. अ‍ॅपवर तर पदार्थाची किंमत बहुधा हॉटेलातल्यापेक्षा जास्त लावलेली असते, वर पॅकिंग, डिलिव्हरी, जीएसटी आणि तो प्लॅटफॉर्म शुल्क नावाचा प्रकार. २०२३ मध्ये तो दोन रुपयांपासून सुरू झाला, आता दहाच्या पुढे गेला आहे. दोन रुपयांना कुणी हरकत घेत नाही, म्हणूनच तो दोनपासून सुरू होतो.

रविवारी रात्री मेस बंद, हे पुण्यातलं फार जुनं दुखणं आहे. माझ्या एम.ए.च्या दिवसांत दुपारच्या फीस्टला आम्ही इतकं हादडायचो की रात्री केळ्यावर भागायचं. ते तुला सुचवत नाही. पण घरी तूर पिकते आणि तू रविवारी २५० रुपये मोजून दाल फ्राय खातोस, हे वाचून माझाच जीव कळवळला. पुढच्या खेपेला एसटीने येताना पाच किलो डाळ, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि थोडं मेतकूट घेऊन ये. तिघं राहता, कुकर आणि शेगडी वर्गणीत घ्या, खोलीमालकांना विचारून. वरणभाताला चाळीस मिनिटं लागतात. आणि एखाद्या रविवारी विभागातल्या चार जणांना त्याच वरणभाताला बोलाव. राहिलेल्या सगळ्या पार्ट्यांची परतफेड एका पातेल्यात होते. घरचं वरण मिळालेला होस्टेलवासी हॉटेलची आठवण काढत नाही, हे मी खात्रीने सांगते.

वाढदिवसांसाठी गटात एकदाच बोला, प्रत्येकी ५० वर्गणी, केक एक, बाकी काही नाही. हे सुचवायला तू कचरशील, पण बाकीचेही मनातून वाटच बघत असतात. बाहेर जेवायला जायचंच झालं तर जागा सुचवणारा तू हो. जो आधी हॉटेलचं नाव घेतो, त्याच्या खिशाप्रमाणे सगळे जातात. उडप्याकडे जा, टीटीएमएम करा, म्हणजे तू तुझं, मी माझं. कुणी मोठ्या कॅफेत ओढून नेलंच तर बिल वाच. सेवाशुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ते काढायला सांगण्यात कमीपणा नाही.

नाही कसं म्हणायचं, हे तू शेवटी विचारलंस. खरं सांगायचं. ‘फेलोशिप सुरू झालेली नाही, चहाला येतो, जेवायला नाही.’ संशोधकांच्या घोळक्यात या वाक्याला कुणी कारण विचारत नाही, निम्म्यांची गत तीच असते. उलट ‘पोट बिघडलंय’ असं सांगितलंस तर पुढच्या आठवड्यात पुन्हा नवं पोट शोधावं लागतं.

वडिलांशीही एकदा नीट बोल. ‘सदतीस हजार मिळतात ना?’ असं ते विचारतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पगार आहे. त्यांना सांग की रक्कम मंजूर आहे, वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा आहे, पण ती पगारासारखी एक तारखेला येईलच असं नाही. थकलेली रक्कम बऱ्याचदा एकरकमी येते, आणि तेव्हाच खरी परीक्षा असते, कारण त्या दिवशी पुन्हा सगळे विचारतील, पार्टी कधी? आधी १८,००० फेड, ज्याचे जास्त दिवस झाले त्याचे आधी. मग सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात टाक. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, होताना, ४२,००० वर जाताना, पुन्हा कागदपत्रं आणि पुन्हा खंड पडू शकतो. तोवर झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे बघूसुद्धा नकोस.

आणखी एक, तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. झेरॉक्स आणि पुस्तकांच्या पावत्या तू फेकतोस का? जेआरएफबरोबर सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आकस्मिक अनुदान असतं. जेवण त्यात बसत नाही, पण पुस्तकं आणि क्षेत्रभेटी बसतात. जुन्या पावत्या चालतील का ते विभागाच्या कार्यालयात विचार, आणि आजपासूनच्या तरी एका पाकिटात ठेवायला लाग.

चर्चासत्राच्या नोंदणीची शेवटची तारीख तू कळवलेली नाहीस. ती आज बघ. वडिलांचे पैसे आले की भाड्यानंतर पहिली ती फी भर, आणि काकूंशी डब्याचं उद्या दुपारीच बोल, संध्याकाळी त्या घाईत असतात.